घासलेला नंबर

ग्राइंडर खाली ठेव. आधी ठेव, मग बोल.

इंजिन राहू दे तिथेच साखळीवर, ते कुठे पळून जात नाही. शटर अर्धं ओढून घे, वारं येतंय. दिवा हा एकच पुरे. आणि बसा दोघेही. टायरवर बसा, खुर्ची मागायला जावई लागून गेलात का?

संध्याकाळी आलात तेव्हा काय म्हणालात? मामा, गाडी जुनी आहे पण बॉडी दणकट आहे. मामा, दुसऱ्या कंपनीचं इंजिन मिळालंय, बसवायचं आमचं आम्ही बघतो. मामा, तुम्ही नंबरचं तेवढं बघा. नंबरचं तेवढं! चहात साखर तेवढी घाला म्हणावं, तसं म्हणालात. माझ्या तळपायाची आग तेव्हाच मस्तकात गेली होती. तुमची आई माझी धाकटी बहीण आहे, म्हणून गिळली.

आता साडेनऊ होतायत. मी एक गोष्ट सांगतो. नंतर काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. म्हातारा चळला म्हणायचं असेल तर तेही म्हणा, मला फरक पडत नाही. माझ्या भागीदाराच्या बाबतीत घडलेलं आहे हे सगळं, आणि त्या माणसाच्या खांद्यावर तुम्ही दोघे लहानपणी बसलेले आहात.

कानसेन. आठवला का? सगळी गॅरेजवाली रांग त्याला कानसेनच म्हणायची. गाडी फाटकातून आत यायच्या आधीच हा आतून ओरडायचा, "तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह वाजतोय." त्याच्याकडे हातभर लांब एक स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून घ्यायचे. डॉक्टर छातीला नळी लावतो तसं. आतलं सगळं ऐकू यायचं त्याला. मी चिडवायचो, बायकोचं ऐकायला एक कान नाही आणि बेअरिंगचं ऐकायला दोन दोन. तो हसायचा. सरळ माणूस होता.

ऐकायचं काम त्याचं. कापायचं, जोडायचं, घासायचं काम माझं. आणि नंबर माझा.

तुम्हाला माहीत आहे तरी पुन्हा सांगतो, कारण मला ते माझ्याच तोंडून ऐकायचंय. जुन्या गाडीत दुसऱ्या कंपनीचं इंजिन टाकायचं तर सरकारी कचेरीत जाऊन नोंद करायला हवी. तिथे महिनोन् महिने खेटे घालायचे, आणि शेवटी साहेब नाही म्हणायचा. म्हणून सगळी रांग एकच करायची. नव्या इंजिनावरचा नंबर घासून काढायचा आणि तिथे जुन्या इंजिनाचा, गाडीच्या पुस्तकात असतो तो, ठोकायचा. कागद आणि लोखंड जुळलं की कोण विचारतो?

माझ्या उस्तादाने मला घासायला शिकवलं तेव्हा एक नियमही शिकवला. घासताना नंबर वाचायचा नाही. नजर दुसरीकडे ठेवायची. उद्या कुणी विचारलंच, तर "माहीत नाही" म्हणताना जीभ अडखळत नाही. अठ्ठावीस वर्षं मी हा नियम पाळला. लोकांना अभिमानाने सांगायचो, आपण कधी नंबर वाचत नाही. अभिमानाने रे! लाज वाटते आता.

तर त्या वेळी आमच्या रांगेत एक बाई यायच्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, न चुकता. चौदा गॅरेजं, चौदाही पायी हिंडायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा भाड्याची गाडी चालवायचा. एका रात्री प्रवासी घेऊन गेला तो परत आला नाही. मुलगा नाही, प्रवासी नाही, गाडीही नाही. तीन वर्षं झाली होती. पोलिसांनी पहिल्याच महिन्यात हात झटकले होते. तेव्हा या बाईने गाडीच्या कागदावरून इंजिनाचा नंबर उतरवून घेतला, सात आकडे, आणि छोट्या छोट्या चिठ्ठ्या केल्या. मोठं, गोल अक्षर, लहान मुलाला गिरवायला द्यावं तसं. प्रत्येक गॅरेजात एक चिठ्ठी द्यायच्या आणि म्हणायच्या, "बाबा, इंजिन कुणी फेकून देत नाही. कुठे ना कुठे ते बसणारच. बसेल तेव्हा मला कळवा."

पोलिसांना जे सुचलं नाही ते त्या बाईला सुचलं होतं. आणि आम्ही काय केलं? तिला चिठ्ठीवाल्या मावशी असं नाव पाडलं. लांबून येताना दिसल्या की एकमेकांना डोळा मारायचो.

एकदा मी वैतागून बोललो, "मावशी, तीन वर्षं झाली. आता तुम्हीच समजून घ्या." त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "समजून घेतलंय रे. मेलेला असला तरी चालेल मला. पण सापडलेला हवा."

मी ती चिठ्ठी घेतली आणि बल्बच्या खोक्यात टाकली. तिथे तसल्या पस्तीसेक होत्या.

सहा वर्षांपूर्वीचा जानेवारी. कानसेनच्या वडिलांनी बावीस वर्षं टॅक्सी म्हणून चालवलेली गाडी होती त्याच्याकडे. पत्रा असा की हातोडीलाच पोचा यावा. पण इंजिन संपलं होतं आणि त्या कंपनीने त्याचे भाग बनवणं कधीच बंद केलं होतं. वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर पळवायची, एवढंच त्याच्या मनात होतं. सोमवारी सकाळी आम्ही दोघे बायपासवरच्या भंगारवाल्याकडे गेलो. गोड बोलायचा म्हणून आम्ही त्याला गोडबोल्या म्हणायचो. त्याने एक डिझेल इंजिन काढून दाखवलं. दुसऱ्या कंपनीचं, पण मापात बसेल असं. कानसेनने त्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "एवढं धुतलेलं इंजिन भंगारात कसं?"

"आपला माल स्वच्छच असतो, शेठ," गोडबोल्या म्हणाला. आम्हाला शेठ म्हणाला आणि आम्ही खूश. पुढे एक अक्षर विचारलं नाही. घेतलं आणि आलो.

दहा दिवस काम चाललं. गिअरबॉक्सच्या तोंडाची भोकं आणि इंजिनाची भोकं जुळेनात, म्हणून मधे बसवायला लेथवर जाड चकती करून घेतली. इंजिनाखालचे पाय कापून नवे जोडले. रेडिएटर दोन बोटं पुढे सरकवला, तरी पंखा एवढा जवळ फिरायचा की मधे बोट घातलं असतं तर गेलं असतं. पण बसलं. मला वाटलं, आपल्यासारखे आपणच.

गुरुवारी दुपारी मी नंबर घासला. चहा येईपर्यंतचं काम. नजर समोरच्या भिंतीवर, नियमाप्रमाणे. चार मिनिटं लागली. घासला, पुसला, जुना नंबर ठोकला. खोल ठोकला. चांगला कारागीर ना मी!

तुम्हाला हसू येतंय? नाही ना? मग ठीक आहे.

शुक्रवार, सतरा जानेवारी. रात्री अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी कानसेनने गाडी बाहेर काढली. वेळ मला पक्की आठवते, कारण फाटक मी लावलं आणि घड्याळ बघूनच तुमच्या मामीला फोन केला, की निघतोय. नवं बसवलेलं इंजिन आम्ही रात्रीच पळवायचो. रस्ता मोकळा, हटकायला कुणी नाही, आणि शांततेत त्याला आवाज नीट लागायचा. बायपासने खाणीच्या चढापर्यंत जायचं, चढावर इंजिन किती तापतंय ते बघायचं आणि परत यायचं. जाऊन येऊन बारा किलोमीटर. तो एकटाच गेला. मी घरी जाऊन झोपलो.

पुढचं त्याने मला सांगितलं तसं सांगतो. एक शब्द पदरचा नाही.

चढापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. तापमानाचा काटा मधोमध, धूर नाही, खडखड नाही. त्याला म्हणे वडिलांची आठवण झाली आणि तो एकटाच शीळ घालायला लागला. चढाच्या माथ्यावर डाव्या हाताला जुनी दगडाची खाण आहे, पाण्याने भरलेली. कडेला कमरेइतका कठडा. त्या कठड्यापाशी इंजिन बंद पडलं.

आचका नाही. खोकला नाही. कुणीतरी हात घालून किल्ली फिरवावी तसं बंद. किल्ली मात्र चालूवरच होती.

अकरा चाळीस.

त्याने चाकाला दगड लावला. बॉनेट उघडलं. टॉर्च दातांत धरला. डिझेल येत होतं. वायर जागेवर होत्या. मग त्याने ऑइल बघायची पट्टी ओढून काढली.

पट्टीवरून पाणी गळलं.

ऑइल नाही. पाणी. हिरवट. त्याने बोटावर घेतलं तर गारठणक. इंजिन एवढं तापलेलं की हात ठेवला तर फोड येईल, आणि त्याच्या पोटातून आलेलं पाणी गार.

त्याने पट्टी पुसली. पुन्हा घातली. पुन्हा काढली.

पाणी.

तापलेलं लोखंड गार होताना टिकटिकतं, हे तुम्हाला माहीत आहे. त्यालाही माहीत होतं. ती टिकटिक चालू होती. पण त्या टिकटिकीच्या खाली आणखी काहीतरी होतं. दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नसतं. त्याला आलं. कान तसे होते ना त्याचे…

त्याने स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक इंजिनावर टेकवलं. मूठ कानामागे. बंद इंजिनाला आयुष्यात पहिल्यांदा त्याने कान लावला.

ठक. ठक. ठक. ठक.

थांबलं.

ठक.

थांबलं.

मग नऊ वेळा. सावकाश. आतून.

मोजायची सवय होती त्याची, तो मोजत गेला. नवानंतर ठोका आलाच नाही. घासल्याचा आवाज आला. खर्रर्र… लोखंडावर. ग्राइंडरचा नव्हे. तो म्हणाला, नखांचा.

मग सहा. मग दोन. मग सात.

मग शांत.

मग पुन्हा पहिल्यापासून. चार. एक. नऊ. खर्रर्र. सहा. दोन. सात. या वेळी जोरात. स्क्रू ड्रायव्हर थरथरायला लागला. तो सोडायला गेला. हात सुटेना. मूठ हाडाला चिकटल्यासारखी. तिसऱ्यांदा. आता इंजिन हलत होतं. मी जोडलेल्या पायांवर, जागच्या जागी, बंद इंजिन… हलत होतं. शिव्या द्याव्यात तसे ठोके. चार! एक! नऊ!

टॉर्च तोंडातून पडला.

सात.

आणि सगळं थांबलं. लोखंडाची टिकटिकसुद्धा.

अंधार. खाणीतलं पाणी. तो.

मग त्याच्या दुसऱ्या कानाशी… जो मोकळा होता त्या कानाशी… कुणीतरी हळूच विचारलं.

"वाचून घासलंत… की न वाचताच?"

…

नाही, त्याने मागे वळून पाहिलं नाही. तुम्ही पाहिलं असतं? पळाला तो. सहा किलोमीटर. चप्पल एक तिथेच राहिली.

एक वाजून पाच मिनिटांनी त्याने माझं दार ठोठावलं. मी दार उघडलं तर दातखीळ बसलेली. तुमच्या मामीने पाणी दिलं, ते अर्धं अंगावर सांडलं. मग तो एवढंच म्हणाला, "मावशीची चिठ्ठी कुठे आहे?"

"कसली चिठ्ठी?"

"गॅरेज उघड."

तेवढ्या रात्री आम्ही गॅरेज उघडलं. या इथेच, या दिव्याखाली. मी बल्बचं खोकं उपडं केलं. तोवर त्याने खडूने जमिनीवर आकडे लिहिले होते. चार, एक, नऊ. मग एक रेघ. मग सहा, दोन, सात. मी चिठ्ठी उलगडली.

तेच. तेच सहा आकडे, त्याच क्रमाने. आणि त्याने जिथे रेघ मारली होती, तिथे चिठ्ठीवर शून्य. शून्याला ठोके कसे देणार कुणी?

मला काय झालं सांगू? भीती नाही वाटली. राग आला. भयंकर राग, आणि तोही त्याच्यावर! मी त्याची गळपट्टी धरली. म्हणालो, "तू आधीच वाचला होतास नंबर! मला अडकवतोस?"

तो म्हणाला, "घासला तू. हातभरावर डोळे तुझे होते. एकदा खाली बघितलं असतंस तर संपलं होतं रे सगळं. एकदा."

मी तरी शहाणा झालो का? नाही. मी म्हणालो, सकाळी इंजिन उतरवू, गोडबोल्याच्या दारात टाकू, आपल्याला काही माहीत नाही. तेव्हा त्याने माझ्या थोबाडीत मारली. पंचवीस वर्षांच्या भागीदारीत पहिल्यांदा. बरं केलं. आणखी दोन मारायला हव्या होत्या.

शनिवारी सकाळी आम्ही दोरी बांधून गाडी ओढून आणली. पट्टी काढून पाहिली तर तिच्यावर ऑइल, स्वच्छ, रेघेपर्यंत. पाण्याचा थेंब नाही. संध्याकाळी सात वाजता कानसेन स्वतः जाऊन मावशींना घेऊन आला. वाटेत त्याने सगळं सांगितलं होतं. मला वाटलं आता रडतील, ओरडतील, माझ्या अंगावर येतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. उस्तादाचा नियम, रांगेचा रिवाज, सगळे करतात, आम्हाला काय ठाऊक. तोंडाशी होतं सगळं.

त्या थेट गाडीपाशी गेल्या. बॉनेट उघडंच होतं. मी नंबर ठोकलेली जागा त्यांनी बघितली. बराच वेळ. मग कानसेनला म्हणाल्या, "मला दे ते."

त्याने स्क्रू ड्रायव्हर दिला. कसा धरायचा ते दाखवलं. त्यांनी टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले.

बंद इंजिन. गार लोखंड. आम्हा दोघांना काही ऐकू येत नव्हतं. कानसेनलासुद्धा नाही.

त्या ऐकत होत्या.

"हं," म्हणाल्या.

मूठ आणखी घट्ट दाबली.

"हं… हं…"

फोनवर लांबच्या मुलाचं ऐकावं तसं. मान हलवत. मधेच ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही. पाच मिनिटं झाली असतील. दहासुद्धा झाली असतील. मला तिथून पळून जायचं होतं.

शेवटी त्यांनी डोळे उघडले. म्हणाल्या, "थंडी वाजतेय त्याला."

कानसेन खाली बसला.

"जवळ पाणी कुठे आहे? गाडी थांबली होती तिथे?"

"खाण आहे, मावशी," तो म्हणाला. "खोल आहे."

त्यांनी मान हलवली. स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात परत दिला, नीट, मुठीकडून. मग माझ्याकडे वळल्या. माझे दोन्ही हात हातात घेतले. उलटे केले, सुलटे केले, बोटं एकेक करून बघितली.

"या हातांनी?" एवढंच विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी माझे हात हळूच खाली सोडले आणि निघून गेल्या.

रविवारी पहाटेपासून ती बाई खाणीच्या कठड्यावर जाऊन बसली. पोलीस आले, समजावून गेले. अग्निशामक दलाचे लोक आले, म्हणाले, "स्वप्नावर आम्ही पाणबुडे उतरवत नाही." स्वप्न म्हणाले! ती हलली नाही. सोमवार गेला. मंगळवारी त्यांच्यातल्याच एका जवानाला लाज वाटली असावी, त्याने सुटीच्या दिवशी स्वतःची दोरी आणि गळ आणला. एकतीस फुटांवर गळ अडकला. क्रेन आणली. गाडी वर आली. पुढचं तोंड रिकामं होतं, इंजिन काढून घेऊन मग ढकलली होती. आणि मागच्या सीटवर तो होता. हात बांधलेले. फक्त बोटं मोकळी.

तीन वर्षं रे. चढावर, रस्त्यापासून वीस पावलांवर. आम्ही सगळे रोज तिथून जात होतो.

मावशींना मुलगा सापडला. पण मारला कुणी? इंजिन होतं गोडबोल्याकडे. त्याला धरला, त्याने कानांवर हात ठेवले. "असलं इंजिन माझ्याकडे आलंच नव्हतं. नंबर दाखवा, कबूल करतो." नंबर कुठून दाखवणार? प्रयोगशाळेत नेलं, आम्ल टाकून पाहिलं. घासलेल्या नंबराखालीसुद्धा धातू दबलेला असतो, बहुतेक वेळा तो दिसतो म्हणे. पण मी चांगला कारागीर ना! खोल घासलेलं, आणि त्यावर दुसरा नंबर खोल ठोकलेला. साहेब म्हणाला, "वाचता येत नाही." आणि स्क्रू ड्रायव्हरने ऐकलेले ठोके कुठल्या कोर्टात चालतात? सुटला तो. माझ्यामुळे सुटला. सुटताना मला लांबून नमस्कार केला त्याने. मी रात्री अजून दात खाऊन उठतो.

कानसेनने धंदा सोडला. आता मुलीकडे असतो. घरात रेडिओसुद्धा लावू देत नाही.

आणि तुमचं हे इंजिन. कुठून आणलं ते मी विचारलं नाही, आणि सांगूही नका. ही निळी नायलॉनची दोरी आणि ही दुहेरी गाठ मी डोळे मिटून ओळखतो. बायपासवर दुकान चालूच आहे त्याचं. शेठ म्हणाला असेल ना तुम्हाला? खूश झाला असाल.

रडू नकोस. मी तुझ्यावर ओरडत नाहीये. कुणावर ओरडतोय ते मला माहीत आहे.

आता शेवटचं. प्रकरण उभं राहिलं तेव्हा मलाही आरोपी केलं. बरोबरच होतं ते. चौकीत जाऊन मी सगळं सांगितलं, एक गोष्ट लपवली नाही. मग हवालदाराने कागद पुढे ठेवला आणि दहाही बोटांचे ठसे घ्यायला बसला. शाईवर बोट फिरवलं, कागदावर टेकवलं. दहा वेळा. मग कागद दिव्याजवळ नेला.

दहा काळे डाग. आत एक रेघ नाही.

तो म्हणाला, शाई जास्त झाली. पुसून पुन्हा घेतले. मग तिसऱ्यांदा. मग साहेबाला बोलावलं. साहेब म्हणाला, जन्मभर लोखंडात हात घातलेत, झिजले असतील. असतीलही. पण त्याच महिन्याच्या पाच तारखेला मी नवं सिमकार्ड घेतलं होतं, दुकानातल्या यंत्रावर अंगठा ठेवला आणि पहिल्या खेपेला हिरवा दिवा लागला होता. माझ्यासोबत तुमची मामी होती, तिला विचारा. सहा वर्षं झाली. बँकेत, दवाखान्यात, कुठल्याही यंत्रावर अंगठा ठेवला की ते एकच सांगतं, व्यक्ती सापडली नाही.

टॉर्च इकडे धर. जवळ ये. घाबरू नकोस, हात लाव. हा अंगठा. हे बोट. हेही.

लागतंय काही?

…

दुसऱ्या हातालाही लावून बघ.